पुन्हा उंदीर! बी विंगवाल्यांनी जरूर वाचा

३०२ बी, सकाळी ६:४८
नमस्कार. आज परत तेच. ओट्याखालचा मसाल्याचा ड्रॉवर उघडला तर लेंड्याच लेंड्या. धण्याची पिशवी फोडलेली. आणि बाळाच्या दुधाच्या बाटलीचं रबरी बूच, जे मी रात्री उकळून ठेवलं होतं, ते कडेने कुरतडलंय. दातांच्या खुणा स्पष्ट दिसताहेत. जूनपासून हे चौथ्यांदा लिहितेय मी इथे.

५०१ ए, ६:५५
सुप्रभात मंडळी 🌼🌼

१०१ बी, ७:०२
पाइपांच्या डक्टची जाळी. गेल्या वर्षी प्लंबिंगच्या कामात काढली ती परत कधी बसणार? एवढंच विचारतो.

सेक्रेटरी, ७:२०
वहिनी, वाचून वाईट वाटलं. पेस्ट कंट्रोलवाल्याला आत्ताच फोन केला. मागच्या महिन्यातही त्याने उंदरांच्या विषाचे केक टाकले होते. कॉन्ट्रॅक्ट चालू आहे याची सर्वांनी नोंद घ्यावी.

३०२ बी, ७:२४
केक टाकले तसेच पडलेत, सेक्रेटरीसाहेब. जिन्याच्या कोपऱ्यात, उघड्यावर. माझी मुलगी रांगायला लागलीय. दिसेल ते तोंडात घालते.

२०४ ए, ७:३१
बी विंगला उंदीर, ए विंगला डास. वाटणी समान झाली 😀

३०२ बी, ७:३२
दादा, विनोद नंतर.

२०४ ए, ७:३६
सॉरी वहिनी. तसा हेतू नव्हता.

४०३ बी, ७:५०
सूनबाई, लेंड्या केवढ्या आहेत ते आधी सांगा. जिऱ्याएवढ्या, टोकदार असतील तर तो छोटा घरउंदीर. खारकेच्या बीएवढ्या असतील तर मोठा, पाइपावरून चढणारा. दोघांचे उपाय वेगळे.

३०२ बी, ७:५३
जिऱ्याएवढ्याच, काका. आधी मला सांडलेलं जिरंच वाटलं.

४०३ बी, ८:१०
मग नीट ऐका. मी सरकारी धान्य गोदामात ३१ वर्षं काढलीत. छोट्या उंदराला ६ मिलिमीटरची फट पुरते. पेन्सिल शिरेल तिथे तो शिरतो, डोकं गेलं की अंग जातंच. टॉर्च घ्या, सिंकखाली आडवं व्हा आणि सांडपाण्याचा पाइप भिंतीत जातो तिथे कडेने बघा. नव्वद टक्के घरांत तिथेच भोक असतं, प्लंबर पाइप बदलतो आणि बुजवायचं विसरतो. भांडी घासायची तारेची घासणी त्यात ठासून भरा आणि वरून सिमेंट. फोम किंवा बोळा कोंबू नका, एका रात्रीत पोखरतो. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात, त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं.

१०१ बी, ८:१४
आणि ते भोक उघडतं कुठे? डक्टमध्ये. डक्टची जाळी कधी बसणार?

खजिनदार, ८:२२
आप्पा, जाळीचं कोटेशन आलंय, जनरल बॉडीत ठेवू. मागच्या सभेत जे झालं ते ग्रुपवर नको.

१०१ बी, ८:२३
मागच्या सभेत मी जाळीबद्दलच विचारत होतो.

१०४ बी, ८:४०
माझाही मुद्दा आहे. रविवारी आमच्या ब्रूनोने पार्किंगमध्ये झिंगलेला उंदीर तोंडात धरला. केक खाल्लेलाच असणार. आम्ही घाबरून रात्री डॉक्टरकडे पळालो. कमिटीने आधी सूचना का दिली नाही?

६०१ बी, ८:४४
कुत्र्याला पट्टा लावून फिरवायची सूचना तीन वर्षांपूर्वीच दिलेली आहे.

१०४ बी, ८:४५
काकू, तुम्ही डक्टच्या कठड्यावर कबुतरांना ज्वारी टाकता. सगळ्यांना माहितेय. ती खाली पडते आणि कोण खातं?

६०१ बी, ८:४९
मुक्या जिवांना मूठभर दाणे घातले तर लोकांच्या डोळ्यात खुपतं. ठीक आहे.

सेक्रेटरी, ८:५०
कृपया सर्वांनी शांत राहावे ही नम्र विनंती 🙏

२०२ बी (डॉक्टर ताई), ९:१५
ओपीडीच्या आधी लिहितेय. ते केक रक्त गोठू देत नाहीत. उंदीर खाल्ल्यावर लगेच मरत नाही, काही दिवस फिरतो आणि मग कुठेतरी आत जाऊन मरतो. मूल किंवा कुत्रा खाल्ल्यास व्हिटॅमिन के हा उतारा आहे, पण दवाखान्यात ताबडतोब न्यायला हवं, "काही होत नाहीये" म्हणून थांबायचं नाही. उघडे केक आज उचला. ठेवायचेच तर कुलपाच्या डबीत.

४०१ ए, ९:२१
त्यापेक्षा धान्यात ठेवायच्या त्या गोळ्या आणू. गावाला आम्ही त्याच वापरतो, एकदम जालीम. दोन डक्टमध्ये टाकल्या की विषय संपला.

२०२ बी (डॉक्टर ताई), ९:२२
नाही. नाही. नाही. ओलावा लागला की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. डक्टमधून तो सगळ्यांच्या बाथरूममध्ये येईल. झोपेत माणसं दगावलीत, शेजारच्या घरातली सुद्धा. त्याला उतारा नाही आणि घरात वापरायला परवानगीही नाही. हातात असतील तर लांब ठेवा.

४०१ ए, ९:३०
बरं ताई. माहीत नव्हतं. गावालाही फोन करून सांगतो.

२०२ बी (डॉक्टर ताई), ९:३३
अजून एक. आपला वॉचमन परवा पंपरूममधलं पाणी अनवाणी उपसत होता, पायाला चीर होती. उंदरांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, तापाचा आजार) होतो, जखमेतून शिरतो. २००५ च्या २६ जुलैच्या पुरानंतर मुंबईत किती पेशंट आले ते मी इंटर्न असताना पाहिलंय. त्याला आज पालिकेच्या दवाखान्यात पाठवा, ते गोळी देतील. ताप, पोटऱ्या दुखणं, लाल डोळे यांतलं काहीही झालं तर लगेच सांगायचं. आणि गमबूट सोसायटीने घ्यावेत, त्याच्या पगारातून नाही.

खजिनदार, ९:४०
गमबूट आज आणतो. यात चर्चा नको.

३०४ बी, ११:०५
जुना सोफा द्यायचा आहे, थ्री सीटर, चांगल्या स्थितीत. इच्छुकांनी पर्सनलवर

३०४ बी, ११:०६
सोफ्यात उंदीर नाहीत, आधीच सांगतो.

२०१ बी, १२:३०
आम्ही गोंदाची पट्टी लावली होती. रात्रभर ओरडत होता. धाकट्याने पाहिलं आणि दोन दिवस जेवला नाही. पुन्हा नाही लावणार.

४०३ बी, १२:५२
ती नकोच. पिंजरा वापरा, पण पद्धत आहे. पिंजरा भिंतीला चिकटून ठेवा, उंदीर भिंतीला अंग घासत पळतो, मधून नाही. भाजलेलं खोबरं किंवा तळणीतला भज्याचा तुकडा लावा. घरउंदीर चौकस असतो, लवकर येतो. मोठा उंदीर नवी वस्तू दिसली की तीन-चार दिवस जवळ फिरकत नाही. म्हणून त्याच्यासाठी पहिले दिवस दार दोरीने बांधून उघडंच ठेवायचं. खाऊ दे, सोकावू दे. मग दोरी सोडायची. गोदामात विष मांडायच्या आधीही दोन-तीन रात्री नुसतं पीठ ठेवायचो. पण मारून संपत नाहीत ते. मादी तीन आठवड्यांत पिल्लं घालते. खाणं आणि वाट, दोन्ही बंद झालं तरच जातात.

१०१ बी, १२:५४
वाट म्हणजे डक्ट.

६०१ बी, दुपारी ३:१०
मी आत्ता कठडा झाडून घेतला. उद्यापासून दाणे टाकणार नाही. ब्रूनो कसा आहे?

१०४ बी, ३:१८
बरा आहे काकू. आज पोळी खाल्ली. थँक यू.

सेक्रेटरी, ५:४५
उघडे केक उचलले. वॉर्ड ऑफिसच्या कीटकनाशक विभागात कंपाउंडमधल्या घुशींच्या बिळांची तक्रार नोंदवली. ओला कचरा उद्यापासून रात्री दाराबाहेर ठेवू नये, सकाळीच द्यावा. जाळीचं काम सभेची वाट न पाहता रविवारी ९ वाजता. डक्टच्या दाराची किल्ली कोणाकडे आहे?

खजिनदार, ५:५०
माझ्याकडे नाही.

४०१ ए, ५:५२
आधीच्या सेक्रेटरींकडे असेल.

१०१ बी, ५:५३
ते गेल्या वर्षी पुण्याला गेले.

३०२ बी, रात्री ११:२०
काका, भोक सापडलं. पाइपाच्या मागच्या बाजूला होतं, माझी करंगळी आरामात जात होती. यांनी दोन घासण्या ठासून सिमेंट लावलंय. आत्ता तिथे कान लावून बसलेय. पलीकडून खरवडतोय. पण पलीकडूनच.

४०३ बी, ११:२४
सिमेंट रात्रभर ओलं राहील. पाट आडवा लावून त्यावर डाळीचा डबा ठेवा. मग झोपा, सूनबाई.

१०१ बी, ११:२६
किल्ली सापडली का?