मोठ्या लिफ्टवरची पाटी: ग्रुपवरची चर्चा

सचिव: 'कामवाल्या मावशी व डिलिव्हरीवाल्यांनी मोठीच लिफ्ट वापरावी' ही पाटी ठेवायची की काढायची, यावर कालपासून मेसेजचा पाऊस पडतोय. फॉरवर्ड आणि राजकीय व्हिडिओ काढून टाकलेत. ज्यांना उत्तर देताय त्यांच्याच मेसेजवर रिप्लाय करा, नाहीतर कोण कोणाला बोलतंय कळत नाही.

बी-४०४: ठेवा. यात भेदभाव काही नाही. सकाळी लहान लिफ्ट मिळत नाही, पोरांची स्कूलबस चुकते. शिवाय लिफ्टमध्ये कचऱ्याची पिशवी गळते ते वेगळंच.

ए-७०२: काकू, दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत, पण पाटीने एकही सुटत नाही. लहान लिफ्ट ६ जणांची, ४०८ किलो. मोठी १३ जणांची, ८८४ किलो. दोन्हींची बटणं वेगळी, म्हणून घाईतला माणूस दोन्ही दाबतो आणि आधी येईल तिच्यात शिरतो. दुसरी मागून येऊन रिकाम्या लॉबीत दार उघडते. दार उघडणं, थांबणं, मिटणं, परत वेग घेणं, यात साधारण १० सेकंद जातात. एका फेरीत असे ४ थांबे फुकट गेले की खालचे लोक ४० सेकंद जास्त ताटकळतात. गर्दी मावशींमुळे नाही, वायरिंगमुळे आहे.

यावर उपाय ड्युप्लेक्स कंट्रोल. मजल्यावर एकच बटण, दोन्ही कंट्रोलर (लिफ्ट चालवणारी पॅनेलं) एकमेकांशी जोडलेले, सोयीची असेल ती लिफ्ट येते. कंट्रोलर एकाच बनावटीचे असतील तर काम आटोपशीर. जुनं रिले पॅनेल असेल तर पॅनेलच बदलावं लागतं आणि खर्च तिथे वाढतो. आपलं पॅनेल कोणतं आहे ते एएमसीवाल्याकडून (लिफ्टच्या वार्षिक देखभालीचा कंत्राटदार) आधी लेखी घ्या.

ए-३०१: कशाला एवढं? संविधानाचं भेदभावबंदीचं कलम १५ लावा, पाटी बेकायदेशीर. विषय संपला.

सी-११०१: दादा, इतकं सोपं नाही. १५(२) मध्ये दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते अशी यादी आहे. खाजगी इमारतीची लिफ्ट त्यात थेट बसत नाही. अस्पृश्यतेचं कलम १७ मात्र खाजगी माणसांनाही लागू होतं. पाटीमागे जात आहे असं दिसलं, तर प्रकरण गंभीर. पण कायदा दाखवून तोंड बंद केलं की माणूस ग्रुपवर गप्प बसतो आणि सभेत विरोधात हात वर करतो. काकूंच्या कचऱ्याचं उत्तर द्यायलाच हवं.

बी-४०४: तेच म्हणते मी. पाटी काढाल, वास कोण काढणार?

ए-७०२: नियम सामानाला लावा, माणसाला नको. 'कचरा, फर्निचर, बांधकामाचं सामान मोठ्या लिफ्टनेच. ओला कचरा झाकणाच्या बादलीतच.' मग बादली मावशींच्या हातात असो की माझ्या, लिफ्ट तीच. पाटी नीट लिहिली आहे का, हे तपासायला सोपं आहे: दोघं रिकाम्या हातांनी उभे आहेत, पाटी त्यांच्यात फरक करते का? आत्ताची करते. आणि मोठी लिफ्ट मेंटेनन्सला गेली की आत्ताच्या पाटीप्रमाणे मावशींनी १४ मजले जिन्याने चढायचे.

सी-८०३: फ्लॅटचं रिनोव्हेशन चालू असतं तेव्हा?

ए-७०२: खरा त्रास तोच. टाइल्सचं एक खोकं ३० किलोचं धरा. २५ खोकी ७५० किलो, सोबत दोन माणसं प्रत्येकी ६८ किलो, एकूण ८८६, मोठ्या लिफ्टची मर्यादा ८८४. म्हणजे ओव्हरलोड, बझर वाजणार, आणि मग दार रेटून लावायचा प्रयत्न होतो. दाराचा सेन्सर असाच बिघडतो. फेरीला २० खोकी, त्याहून जास्त नाही. कॅबिनला गाद्यांचं आवरण हुकवर लावा, काम संपलं की त्याच दिवशी काढा. ती आपली फायर लिफ्ट (आगीच्या वेळी अग्निशमन दलाने वापरायची) आहे, आत फोम लटकता ठेवू नका.

बी-१००२: मावशींना कोणी विचारलं का? सभेत त्यांना ना बोलता येतं ना मत देता येतं.

सचिव: ताई, बरोबर. सोसायटीचा माणूस गेटवर विचारून त्यांचं म्हणणं नावाशिवाय लिहून आणेल, सभेत वाचू.

ए-३०१: इथेच पोल टाका ना, दोन मिनिटांत निकाल.

सी-११०१: पोल धरता येणार नाही. ग्रुपवर भाडेकरू आहेत, एकेका घरातून दोघं-तिघं आहेत. मत एका फ्लॅटला एकच.

सचिव: विशेष सर्वसाधारण सभा घेऊ, ५ पूर्ण दिवसांची नोटीस देऊन. ठराव दोन, मतदान वेगवेगळं: पाटीचा मजकूर आणि ड्युप्लेक्सचं कोटेशन. खर्च नको असलेल्यांनाही पाटीवर मोकळेपणी मत देता येईल.

बी-४०४: बादलीचं झाकण मजकुरात राहू द्या, मग माझा विरोध नाही. ड्युप्लेक्सला मात्र आकडा बघूनच हो म्हणेन.