परदेशात फिरायला गेल्यावर तिथल्या स्वयंपाकाचा क्लास केलाय? अनुभव लिहा

रत्नागिरीहून सुरुवात मीच करते. आमच्याकडची मंडळी दिवाळीनंतर थायलंड-व्हिएतनामला निघालीयेत आणि क्लासवर पैसे घालायचे का असं विचारतायत, म्हणून हा धागा. कोकणातले जे कोणी असा क्लास करून आलेत त्यांनी सविस्तर लिहा, नुसतं 'मस्त होतं' नको.

मी थायलंडमध्ये चियांग माईला केला. आधी बाजारात नेलं, मग बाईंच्या घराच्या पडवीत प्रत्येकीपुढे एक दगडी खलबत्ता. हिरव्या मिरच्या, गवती चहाचा खालचा पांढरा दांडा, गलांगल (आल्यासारखंच एक मूळ), कोथिंबिरीची मुळं (आपण ती सरळ फेकतो!), मकरूट लिंबाची साल आणि शेवटी कोळंबीची खारवलेली पेस्ट, हे सगळं हाताने कुटायचं, मिक्सर नाही. पण मला खरं शिकायला मिळालं ते पुढे. आपण नारळाचा रस घातला की आच मंद करतो, ढवळत राहतो, फुटू नये म्हणून जीव मुठीत. तिथे घट्ट रस आधी कढईत घालून मुद्दाम फुटू देतात, कडेने तेलाचे थेंब दिसायला लागले की त्याच तेलात वाटण परतायचं आणि पातळ रस नंतर. वेगळं तेल लागतच नाही. लहानपणापासून नारळ खवत आलेय तरी हे कधी सुचलं नव्हतं, आता कोळंबीचं कालवण मी असंच करते आणि घरात सगळ्यांना आवडतं.

वेंगुर्ल्याहून : आम्ही श्रीलंकेत गॉलजवळ एका घरगुती क्लासला गेलो, सोबत आई. तिथे अंबुल थियाल शिकवलं, म्हणजे टूनाचं आंबट सुकं. आंबटपणाला गोरका, आपल्या कोकमाचाच भाऊबंद, पण आपण आमसुलं नुसती रसात सोडतो आणि ते गोरका भिजवून मिरीबरोबर बारीक वाटतात, तो काळा लेप माशाच्या तुकड्यांना चोळून मडक्यात एकेक तुकडा शेजारी शेजारी लावायचा आणि पाणी पार आटेपर्यंत मंद आचेवर ठेवायचं. फ्रीजशिवाय दोन-तीन दिवस टिकतं म्हणाल्या. आईला त्यांची भाषा येत नाही, त्यांना आईची नाही, पण मडकं हलवायचं, डाव घालायचा नाही, हे दोघींचं एकदम जुळलं.

गुहागरहून, शाकाहारी लोकांसाठी : घाबरू नका. व्हिएतनाममध्ये बुकिंग करतानाच 'चाय' (म्हणजे शाकाहारी) सांगा, बौद्ध लोक तिथीला शाकाहार पाळतात त्यामुळे त्यांना ते नीट कळतं. होई आनला आम्ही मश्रूम आणि मोड आलेले मूग घालून बान सेव केला : तांदळाचं पीठ, हळद, नारळाचं दूध, तापलेल्या तव्यावर पातळ ओतायचं. घावन येत असेल तर हात लगेच बसतो, फक्त तेल जास्त आणि कडा कडक होईपर्यंत धीर धरायचा. थायलंडमध्ये मात्र फिश सॉस आणि कोळंबीची पेस्ट दोन्ही नको असं वेगवेगळं सांगा, नुसतं 'मांस नको' पुरत नाही.

अलिबागहून : एक सावधगिरी. मी गेलो तो क्लास (नाव देत नाही) म्हणजे भाज्या आधीच चिरलेल्या, वाटण तयार, तीस माणसं, आपण फक्त कढईत ओतायचं आणि फोटो. पैसे वाया. बाजार दाखवणार का, प्रत्येकाला वेगळी शेगडी का, किती जण असणार, हे आधीच विचारा.

मालवणातून : तिरफळावर कोणीच कसं लिहिलं नाही? चीनमध्ये चेंगडूच्या क्लासात त्यांची सिचुआन मिरी हातात दिली आणि वासानेच ओळखलं, दोन्ही एकाच कुळातली. काळी बी तेही टाकून देतात, वरचं टरफलच वापरतात. फरक असा की आपण तिरफळं जरा ठेचून बांगड्याच्या तिखल्यात टाकतो आणि खाताना बाजूला काढतो, ते कोरडी भाजून पूड करतात आणि मापो टोफूवर (टोफूचा तिखट रस्सा) अगदी शेवटी भुरभुरवतात. जिभेला मुंग्या येतात त्या तश्शाच. घरी तळलेल्या बांगड्यावर ही पूड घालून बघा, मी सांगतोय म्हणून बघाच.

दापोलीहून : इटलीत बोलोन्याला तालियातेल्ले (पट्ट्यांसारखा लांब पास्ता) केले. १०० ग्रॅम मैद्याला एक अंडं, मळून अर्धा तास झाकून ठेवायचं, मग हातभर लांब लाटण्याने लाटायचं. शिजल्यावर रुंदी ८ मिमी हवी, हे माप तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्सकडे १९७२ सालीच नोंदवलंय. चपातीची सवय असलेल्यांना सोपं जाईल.

रत्नागिरी, परत मीच : मालवणकर, तिरफळाची पूड आजच करते. बालीला उबुडमध्ये कोणी केलाय का? तिथलं वाटण पाट्यावरच करायला देतात की क्लासात मिक्सर असतो, एवढं नक्की सांगा, पुढच्या वर्षी जायचं ठरतंय.