प्रतिसाद : माकड नव्हे, वानर काढा की!

वर दादांनी डिटेक्टिव्ह चिंपचं (डीसी कॉमिक्समधला गुप्तहेर चिंपांझी) वास्तववादी चित्र टाकलंय आणि 'चेहरा माणसासारखा का वाटतोय' असं विचारलंय. चित्र झकास आहे, पण घोटाळा डोळ्यांत झालाय. तुम्ही बुबुळाभोवती पांढरं ठेवलंय. बहुतेक चिंपांझींचं ते गडद तपकिरी असतं, म्हणून नजर नेमकी कुठंय ते कळत नाही. तेवढं काळपट करा, फरक बघा. हनुवटीही काढून टाका, त्यांना आपल्यासारखी पुढं आलेली हनुवटी नसतेच.

१९५२ पासूनची ती शेरलॉकी टोपी मात्र राहू दे, तीच तर गंमत!

मी बेळगावचा. सरावाला गोकाक धबधब्यावर जायचो, झुलत्या पुलाजवळ माकडं निवांत बसलेली असायची. एकानं माझं खोडरबर पळवलं, चावून बघितलं आणि थुंकलं! पण ती शेपटीवाली माकडं. चिंपांझी-गोरिला म्हणजे वानर (इंग्रजीत 'एप'), त्यांना शेपूट नाही आणि हात पायांपेक्षा लांब. गोरिला ग्रॉड (डीसी कॉमिक्समधलाच खलनायक गोरिला) काढताना मी गोकाकच्या माकडांचाच आकार वापरला आणि फसलो. नर गोरिलाच्या कवटीवर हाडाचा उंच कंगोरा असतो, जबड्याचे स्नायू तिथं अडकतात. तो उंचवटा दिल्यावर कुठं तो खलनायक शोभला.

पुढचं चित्र पेन्सिलीतलं टाका, शाईच्या आधीचं.