सहा महिने उलटले की अफेजियाची थेरपी थांबवायची असते का?

मनवा

नमस्कार सगळ्यांना. बाबांना स्ट्रोक येऊन सहा महिने उलटून गेलेत. मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा बंद पडला होता, उजवा हात-पाय लुळा पडलेला तो आता बऱ्यापैकी सुधारलाय, स्वतःचं स्वतः चालतात, आवरतात, पण बोलणं काही परत येईना. अफेजिया आहे, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा अडते तो, असं सांगितलंय. आपण बोललेलं बरंचसं कळतं त्यांना (भराभर बोललं किंवा तिघंचौघं एकदम बोलायला लागले की नाही कळत), पण स्वतः बोलायला गेले की एखाददुसरा शब्द निघतो आणि पुढे अडतं, मग हात झटकतात आणि गप्प बसतात. आयुष्यभर फिजिक्स शिकवलेला माणूस आहे हो.

परवा फॉलोअपला डॉक्टर म्हणाले सहा महिन्यांत जे यायचं ते येतं, आता फार अपेक्षा ठेवू नका, थेरपी चालू ठेवायची की नाही तुम्ही बघा. तेव्हापासून काही सुचत नाहीये. आठवड्यातून एकदा स्पीच थेरपी चालू आहे आणि घरी टॅबवर एका अ‍ॅपवर चित्रांची नावं सांगायची प्रॅक्टिस करतो. गंमत म्हणजे अ‍ॅपवर तो शब्द सांगतात आणि तासाभराने तोच शब्द बोलताना हवा असतो तेव्हा येत नाही. आकडे ओळीने म्हणतात, जुनं गाणं लावलं की अख्खं म्हणतात शब्दांसकट!! मग बोलता का येत नाही? आणि अजून एक, शिकवायची भाषा वेगळी आणि घरची वेगळी, तर कधीकधी शिकवायच्या भाषेतला शब्द आधी येतो, तेव्हा कोणीतरी म्हणालं एकच भाषा ठेवा नाहीतर गोंधळ वाढेल. खरंच असं आहे का? डोक्याला हलका करंट देऊन बोलणं सुधारतं असंही वाचलं. कोणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.

ऋतुजा_स्पीच

मनवा, मी स्पीच थेरपिस्ट आहे, अफेजियाचे पेशंट रोज बघते. बाबांना तपासलेलं नाही त्यामुळे त्यांच्या थेरपिस्टचं म्हणणं माझ्यापेक्षा वर धरा. पण केवळ सहा महिने झाले म्हणून थेरपी थांबवू नका.

सहा महिन्यांची गोष्ट येते कुठून तर पहिले काही आठवडे-महिने मेंदू आपणहून बराच सावरतो म्हणून त्या काळात सुधारणेचा वेग सगळ्यात जास्त असतो, पुढे तो मंदावतो. डॉक्टरांचं तेवढं बरोबर आहे. पण मंदावतो म्हणजे संपतो असं नाही, आणि याचा पुरावा आहे. २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात जर्मनीतला एक अभ्यास आला, दीडशेच्या वर माणसं, आणि सगळ्यांना अफेजिया होऊन किमान ६ महिने झालेले. काहींना लगेच थेरपी दिली, आठवड्याला किमान १० तास अशी किमान ३ आठवडे, बाकीच्यांना तीच थेरपी पण थांबून नंतर. ज्यांना लगेच मिळाली त्यांचं रोजच्या प्रसंगातलं बोलणं सुधारलं आणि जे थांबले होते त्यांचं त्या ३ आठवड्यांत जिथल्या तिथे राहिलं. ६ महिन्यांनी परत तपासलं तेव्हाही ती सुधारणा टिकलेली होती. आता सगळ्यांनाच सारखा फायदा झाला असं नाही, आणि ७० च्या वरचं त्यात कोणी नव्हतं, हेही लक्षात ठेवा. पण "आता काही होत नाही" हे वाक्य त्या अभ्यासानंतर मला तरी कोणाला म्हणता येत नाही.

आठवड्यातून एकदा हे मात्र कमी पडतंय बहुतेक. बऱ्याच ट्रायल्समधल्या पेशंट्सचा डेटा एकत्र करून २०२२ मध्ये एक विश्लेषण आलं, त्यात जास्त सुधारणा एकूण २० ते ५० तास थेरपी मिळालेल्यांत दिसली आणि ती आठवड्यातल्या बऱ्याच दिवसांत वाटून दिलेली होती. हा काही ठरलेला डोस नव्हे, सरासरी आहे. पण वर्षभर आठवड्याला एक तास देण्यापेक्षा काही आठवडे सलग जोर लावायचा, मग मधे विश्रांती, परत तपासणी, असं करता येईल का ते थेरपिस्टना विचाराच.

अ‍ॅपबद्दल तुम्ही जे बघितलं ते अगदी खरं आहे, बाबांचं काही चुकत नाहीये. ब्रिटनमध्ये बिग कॅक्टस नावाची ट्रायल झाली, २०१९ मध्ये छापून आली, २७८ लोक होते. प्रत्येकाने स्वतःच्या उपयोगाचे १०० शब्द निवडायचे आणि घरी कॉम्प्युटरवर ६ महिने सराव करायचा. सरावाचे शब्द छान सुधारले, पण गप्पा मारतानाच्या बोलण्यात फरक दिसला नाही. म्हणजे ज्याचा सराव कराल ते सुधारतं, बाकीचं आपोआप मागून येत नाही. म्हणून अ‍ॅप बंद करू नका पण शब्द बदला. तयार यादीतले जिराफ आणि छत्री कशाला हवेत, नातवंडांची नावं, जुन्या सहकाऱ्यांची नावं, औषधाची वेळ, त्यांच्या विषयातले शब्द घाला. आणि शब्द आला की तिथेच न थांबता तो शब्द लागेल असं काहीतरी लगेच बोला त्यांच्याशी.

थेरपिस्टना स्क्रिप्ट ट्रेनिंगबद्दल पण विचारा. रोजच्या एखाद्या प्रसंगाचा, समजा फोन आला, छोटा संवाद बाबांसोबत बसून लिहायचा आणि तो सहज येईपर्यंत घोकायचा, मग मुद्दाम थोडा बदलून बघायचा. शिक्षकांना हे जमतं असा माझा अनुभव आहे, अभ्यास करायची सवय असते त्यांना.

करंटबद्दल, त्यावर संशोधन चालू आहे, थेरपीच्या जोडीला दिला तर थोडा फायदा होऊ शकेल असे काही निकाल आहेत पण ती अजून नेहमीची ट्रीटमेंट झालेली नाही. नुसता करंट देऊन वाचा येईल असं कोणी सांगत असेल तर लांब राहा. गोळीही तशी कुठली सिद्ध झालेली नाही.

भाषावेडा

गाण्याचं आणि दोन भाषांचं मी सांगतो, भाषाविज्ञानाचा विद्यार्थी आहे, डॉक्टर नाही.

१८६१ मध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र हॉस्पिटलमध्ये पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरांनी लेबोर्न्य नावाचा पेशंट तपासला, तो बरीच वर्षं फक्त "तां" एवढंच म्हणू शकायचा, समजायचं मात्र बरंच. पण तोच माणूस चिडला की त्याच्या तोंडून अख्खी शिवी बाहेर पडायची. तुमच्या बाबांच्या आकड्यांसारखंच आहे हे. ओळीने आकडे, वारांची नावं, पाठ गाणी, शिव्या हे सगळं एकसंध साठवलेलं असतं आणि त्याला मेंदूची उजवी बाजू आणि आतले भागही हातभार लावतात असं मानतात. नवं वाक्य जुळवायचं तर शब्द निवडा, क्रम लावा, उच्चार ठरवा हे सगळं लागतं आणि दुखापत तिथे झालीये. म्हणून गाता येतं याचा अर्थ मनात आणलं तर बोलता येईल असा काढू नका, आणि तसं त्यांना तर अजिबात म्हणू नका प्लीज. चालीवर वाक्य म्हणायची एक थेरपी १९७३ पासून आहे, तिच्याने सरावातली वाक्यं सुधारतात, रोजच्या बोलण्यात किती उतरतं याचा पुरावा कच्चा आहे.

अजून एक, स्कॅनच्या रिपोर्टवरून भविष्य ठरवू नका. लेबोर्न्यचा मेंदू जपून ठेवलाय, २००७ मध्ये त्याचा एमआरआय केला तर दुखापत ब्रोकांनी वरून बघितली त्याच्यापेक्षा खूप खोलवर गेलेली निघाली, भागाभागांना जोडणाऱ्या तंतूंपर्यंत. म्हणजे ज्या पेशंटवरून मेंदूतली "बोलण्याची जागा" ठरली त्याचंही प्रकरण एका जागेपुरतं नव्हतं. भाषा जाळ्यात पसरलेली असते आणि सारखे दिसणारे दोन स्कॅन असलेली माणसं वेगवेगळी सुधारतात.

भाषांबद्दल १८९५ मध्ये पित्र या फ्रेंच डॉक्टरांनी म्हटलं होतं की सगळ्यात वापरातली भाषा आधी परत येते, त्याआधी रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं होतं की लहानपणची आधी. पुढे कळलं की दोन्ही नियम सगळ्यांना लागू पडत नाहीत, बहुतेकांच्या दोन्ही भाषा बरोबरीनेच सुधारतात, काहींची एक पुढे जाते. बाबांनी दिवसातला केवढा वेळ शिकवण्याच्या भाषेत काढला असेल, तो शब्द आधी येणारच की. येऊ दे. एक भाषा बंद केल्याने दुसरी सुधारते असं काही सिद्ध नाही, उलट शब्दाकडे जायचा एक रस्ता तुम्ही कमी कराल.

डोंगरवाट

मनवाताई, माझ्या मिसेसना अफेजिया होऊन काही वर्षं झाली. थेरपीचं वरती सांगितलंय, मी घरातलं सांगतो.

आमच्याकडे सगळ्यात जास्त फरक पडला तो आम्ही बाकीचे बोलायला शिकलो त्याने. टोरांटोला ऑरा केगन म्हणून बाई आहेत त्यांनी ही पद्धत मांडली, पेशंटशी बोलणाऱ्याला ट्रेन करायचं. २००१ मध्ये त्यांचा अभ्यास आला, त्यात शिकवलं फक्त समोरच्या माणसांना, आणि तरी अफेजिया असलेल्यांचं म्हणणं पोचवणं सुधारलं. आमच्या थेरपिस्टनी हे शिकवलं आम्हाला. टीव्ही बंद, एका वेळी एकच जण, एका वेळी एकच विषय, बोलता बोलता मोठ्या अक्षरात मुख्य शब्द कागदावर लिहायचा, पर्याय लिहून दाखवायचे म्हणजे बोट ठेवता येतं. कळलं नसेल तर कळल्याचं सोंग करायचं नाही, ते त्यांना लगेच समजतं आणि लागतं. आणि विचारल्याशिवाय वाक्य पूर्ण करून द्यायचं नाही, हे मला सगळ्यात जड गेलं कारण गप्प बसून वाट बघणं फार कठीण.

"हो" आणि "नाही" वर मात्र भरवसा ठेवू नका. अफेजियात नाही म्हणायचं असतं आणि तोंडातून हो जातं, हे बऱ्याच जणांचं होतं. दुखण्याचं, औषधाचं, सहीचं असलं काही असेल तर अंगठा वर-खाली किंवा लिहून परत खात्री करा.

निळी_शाई

मला अफेजिया आहे. स्वतः लिहिते. बहीण चुका तपासते.
सहा महिन्यांनी मी पण ऐकलं, आता नाही. दुसऱ्या वर्षी वाचायला लागले. छोटं. मथळे. आता बातमी.
बाबा हुशार आहेत. अजून आहेत. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलू नका, त्यांच्याशी बोला. डॉक्टरकडे पण. हे खूप.
दमायला होतं. सकाळी बोलणं बरं. संध्याकाळी शब्द जातात. म्हणजे परत बिघडलं असं नाही.
फिजिक्स विचारा त्यांना. आकृती काढतील.

मनवा

निळी_शाई, तुमची पोस्ट बाबांना वाचून दाखवली, शेवटची ओळ परत वाच अशी खूण केली त्यांनी. सगळ्यांचे खूप आभार.

ऋतुजाताई, तास वाढवायचं म्हणताय पण हल्ली ते थेरपीला बसायलाच तयार नसतात, टॅब बाजूला सारतात, जेवण कमी झालंय, पहाटे उठून बसतात. आम्हाला वाटत होतं कंटाळलेत. जास्त तास लादले तर अजून बिथरतील का?

ऋतुजा_स्पीच

मनवा, मग तास वाढवायच्या आधी हे बघा. तुम्ही सांगताय ती डिप्रेशनची लक्षणं असू शकतात. स्ट्रोकनंतर साधारण तीनातल्या एकाला डिप्रेशन येतं आणि अफेजिया असलेल्यांत ते जास्त दिसतं, वर निसटतं पण जास्त, कारण नेहमीची तपासणी प्रश्न विचारून होते आणि यांना उत्तरं देता येत नाहीत. यासाठी घरच्यांनी भरायची प्रश्नावली असते, सॅडक्यू म्हणतात, त्यात रडू येतं का, झोप कशी आहे, लोकांत मिसळतात का असं तुम्ही बघितलेलं लिहायचं असतं. न्यूरॉलॉजिस्टना किंवा थेरपिस्टना हे नाव घेऊन विचारा, आणि जेवण-झोपेचं याच आठवड्यात सांगा, पुढच्या फॉलोअपची वाट बघू नका. डिप्रेशनवर उपचार आहेत, अफेजिया असला तरी घेता येतात.

लादण्याबद्दल तुमची भीती रास्त आहे. जास्त तासांच्या ट्रायल्समध्ये मधेच सोडून जाणारेही जास्त असतात, आणि स्ट्रोकनंतर पहिल्या दोन आठवड्यांत जोरदार थेरपी सुरू करून बघितली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये, व्हर्स नावाची ट्रायल, २४६ लोक, तर नेहमीच्या थेरपीपेक्षा निकाल काही वेगळा आला नाही. म्हणजे जास्त तास म्हणजे जास्त फायदा असा सरळ हिशोब नाही. सध्या सकाळी छोट्या छोट्या बैठका, त्यात त्यांच्याच आवडीचा विषय, फिजिक्सची आकृती काढायची आणि तिच्यातले शब्द. ध्येय त्यांना ठरवू द्या, कागदावर तीन पर्याय लिहा आणि बोट ठेवायला सांगा. मूड सावरला की मग तासांचं बोलू.

आणि बोलणं अचानक एकदम बिघडलं, चेहरा वाकडा झाला, हात परत गळाला तर तो नवा स्ट्रोक असू शकतो, थेरपिस्टला फोन करत बसू नका, थेट इमर्जन्सीत न्या. हळूहळू महिनोन् महिने घसरत गेलं तर तेही न्यूरॉलॉजिस्टना सांगा, कारण एका स्ट्रोकमुळे झालेला अफेजिया सहसा तसा घसरत जात नाही, मागे दुसरं काही आहे का ते बघावं लागतं.

डोंगरवाट

मनवाताई, सॅडक्यू भरताना दोघातिघांनी वेगवेगळं भरा. दिवसा जवळ असणाऱ्याला आणि रात्री असणाऱ्याला वेगवेगळं दिसतं, आमच्या वेळी पहाटेचं फक्त माझ्या मुलाला माहीत होतं.