मदत हवी आहे : इआन्टोच्या मृत्यूवर प्रेक्षक इतके का संतापले?

बीबीसीच्या ‘टॉर्चवूड’ या विज्ञानकथा मालिकेतील ‘चिल्ड्रन ऑफ अर्थ’ ही जुलै २००९ मध्ये सलग ५ रात्री दाखवलेली कथा मी नुकतीच पाहिली. परग्रहवासी पृथ्वीवरील १० टक्के मुले मागतात आणि कोणाची मुले द्यायची, हे ब्रिटिश मंत्री बंद दाराआड थंडपणे ठरवतात. मला तरी तोच प्रसंग सर्वांत भयंकर वाटला. प्रेक्षकांचा संताप मात्र चौथ्या भागातील इआन्टो जोन्सच्या मृत्यूवर उसळला आणि वेल्समधील कार्डिफ बे येथील एका भिंतीवर चिठ्ठ्या, फुले लावून चाहत्यांनी या काल्पनिक पात्राचे (होय, काल्पनिक!) स्मारकच केले. हा राग केवळ लाडके पात्र गेल्याचा होता, की मालिकेचा नायक जॅक आणि इआन्टो यांच्यासारखे समलिंगी जोडपे पडद्यावर विरळाच दिसत असल्याचा, हे तेव्हा मालिका पाहिलेल्या कोणी कृपया सांगावे. कार्डिफमधील कोणी त्या चिठ्ठ्यांचे वाचता येईल असे छायाचित्र पाठवल्यास आभारी राहीन.