मित्र ताऱ्याची जोडी पुण्याजवळून सुटी दिसेल का? आणि तिथे ग्रह नक्की किती?

भोरघाट: दुर्बीण १३० मिमी न्यूटोनियन, नाभीय अंतर ६५०. आयपीस २५ आणि १० मिमीचे, शिवाय २x बार्लो (मोठेपणा दुप्पट करणारं भिंग). नरतुरंगातल्या मित्र (अल्फा सेंटॉरी) ताऱ्याचे अ आणि ब हे दोन घटक भोर परिसरातून वेगळे दिसतील का? कोणता महिना, किती वाजता? दुसरं म्हणजे, तिथल्या ग्रहांबद्दल दर दोन-तीन वर्षांनी नवी बातमी येते. त्यातलं पक्कं काय आहे?

दक्षिणक्षितिज: नक्की दिसतील, पण उंचीचा प्रश्न आहे. मित्राची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर) उणे ६०° ५०′, त्यामुळे भोरहून तो जास्तीत जास्त ११ अंश वर येतो. हात ताठ करून धरलेल्या मुठीपेक्षा किंचित जास्त. माथ्यावर, म्हणजे या कमाल उंचीवर, येण्याची वेळ मार्चच्या मध्यात पहाटे पावणेचार, एप्रिलच्या मध्यात रात्री पावणेदोन, मेच्या मध्यात पावणेबारा. त्याच्या आधीचा एक तास आणि नंतरचा एक तास उपयोगाचा; दोन तासांनी तो सात अंशांवर उतरलेला असतो. मी मार्चची पहाट निवडेन, कारण मे महिन्यात दक्षिण क्षितिजावर धुरकट थर बसतो.

ओळखताना हमखास होणारी चूक सांगून ठेवतो. त्रिशंकूच्या डावीकडे दोन ठळक तारे येतात. त्यातला आधी माथ्यावर येणारा, उजवीकडचा, तो मित्रक. मित्र त्याच्या डावीकडे साडेचार अंशांवर. मित्रकावर दुर्बीण लावून "जोडी दिसत नाही" म्हणणारे बरेच असतात.

अ आणि ब मधलं अंतर सध्या अनुकूल आहे. २०१६ मध्ये ते ४ विकलांवर (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आलं होतं, तेव्हापासून वाढतंय आणि २०२९ च्या सुमारास १० विकलांच्या आसपास जाईल. गंमत अशी की प्रत्यक्षात दोघं एकमेकांच्या जवळ येत आहेत. सर्वात जवळ येतील मे २०३५ मध्ये. कक्षा आकाशाच्या प्रतलाला ७९ अंश कललेली, म्हणजे आपल्याला जवळपास कडेने दिसत असल्याने डोळ्याला उलटं दिसतं.

तुमच्या १३० मिमीची जोडी सुटी करण्याची क्षमता एका विकलेच्या आतली आहे, म्हणजे आरसा कमी पडणार नाही. अडचण हवेची. ११ अंशांवर प्रकाश वातावरणाच्या जवळजवळ पाचपट जाड थरातून येतो. तारा ठिपका न दिसता उभा ताणलेला मणी दिसतो: एक टोक निळसर, दुसरं लाल, आणि ही ताणच पाच-सहा विकलांची. आकाशात निळं टोक वर असतं, न्यूटोनियनमध्ये प्रतिमा उलटी म्हणून खाली. यावर उपाय एकच, हिरवा किंवा लाल फिल्टर. एकाच रंगाचा प्रकाश उरला की मणी आखडतो आणि ब सुटा होतो. आधी १० मिमीने ६५ पट, मग बार्लो लावून १३० पट. त्यापुढे जाऊ नका, नुसतं उकळतं पाणी दिसेल. दुर्बीण पाऊण तास आधी उघड्यावर ठेवा, आणि स्लॅबच्या गच्चीवरून किंवा पत्र्याच्या छपरावरून बघणं टाळा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो.

अरीयवेग: ग्रहांचं सांगतो. अ आणि ब भोवती आजतागायत एकही ग्रह सिद्ध झालेला नाही. सिद्ध झालेले दोन्ही ग्रह याच प्रणालीतल्या तिसऱ्या ताऱ्याचे, म्हणजे प्रॉक्सिमाचे. प्रॉक्सिमा ब, २०१६, ११.२ दिवसांची प्रदक्षिणा, किमान वस्तुमान पृथ्वीपेक्षा जरासं जास्त. प्रॉक्सिमा ड, २०२२, ५.१ दिवस, पृथ्वीच्या साधारण पाव. 'क' वादग्रस्त आहे, तो मोजू नका.

२०१२ मध्ये ब ताऱ्याभोवती ३.२४ दिवसांचा ग्रह जाहीर झाला होता. ग्रहाच्या ओढीने होणारी ताऱ्याची डुलण सेकंदाला जेमतेम ५१ सेंटीमीटर, माणसाच्या रमतगमत चालीहूनही कमी. २०१५ मध्ये तपासणाऱ्यांनी त्याच तारखा-वेळांचं, पण ग्रह नसलेलं कृत्रिम निरीक्षण तयार केलं, आणि तोच ३.२४ दिवसांचा आकडा बाहेर आला! निरीक्षणांमधल्या खाड्यांनी तो ग्रह निर्माण केला होता. आकडेवारी हाताळणाऱ्या प्रत्येकाने हे उदाहरण मुळातून समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

ताजी बातमी अ ताऱ्याची आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये जेम्स वेब अवकाश दुर्बिणीला त्याच्याजवळ दहा हजार पटींहून मंद ठिपका दिसला. शनीएवढा वायुग्रह असू शकतो. फेब्रुवारी आणि एप्रिल २०२५ मध्ये तो सापडला नाही. संशोधकांच्या गणितात जुळणाऱ्या कक्षांपैकी निम्म्यांत तो त्या दोन्ही वेळी ताऱ्याला इतका चिकटलेला असतो की दिसूच नये. म्हणून उमेदवार, सध्या एवढंच.

भोरघाट: फिल्टरचं डोक्यातच नव्हतं, आभार. दोन सूर्य असताना ग्रह टिकतो तरी कसा?

अरीयवेग: ताऱ्याला बिलगून राहिला तर टिकतो. अ आणि ब मधलं अंतर ११.२ ते ३५.६ खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर), म्हणजे शनीच्या जरा पलीकडून प्लूटोच्या आसपास. या कक्षेला स्थैर्याचं सूत्र लावलं तर अ भोवतीची मर्यादा पावणेतीन एककांवर येते. पृथ्वी, मंगळ बसतील. गुरूच्या जागेवरचा ग्रह ब च्या ओढीने उधळला जाईल. वेबचा उमेदवार एक ते दोन एककांत फिरतोय, म्हणजे मर्यादेत बसतो. पण तो खरा निघाला तर त्याच पट्ट्यात पृथ्वीसारख्या ग्रहाला जागा उरणं कठीण.

आंबोलीकर: प्रॉक्सिमाचा प्रयत्न करणार असाल तर थोडं आणखी दक्षिणेला या. सावंतवाडीहून ती साडेअकरा अंशांपर्यंत चढते, भोरहून नऊच्या आसपास. प्रत (तेजस्वितेचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद) ११.१, त्यात हवेने खाल्लेली दीडेक प्रत, म्हणजे १३० मिमीतून डोळ्याने आशा धरू नका. कॅमेरा लावा. आणि नकाशा इसवी सन २००० चा असेल तर तारा तिथे मिळणार नाही: ती वर्षाला ३.८५ विकला सरकते, २५ वर्षांत दीड कलेहून (एक कला म्हणजे ६० विकला) जास्त. सॉफ्टवेअरमध्ये निजगती (ताऱ्याचं हे स्वतःचं सरकणं) चालू करून आजच्या तारखेचा नकाशा छापून घ्या, आणि वर्षभराने त्याच चौकटीचा दुसरा फोटो काढा. जो ठिपका सरकला तीच प्रॉक्सिमा.