मदत हवी आहे: ‘ह्यू लिंडसे’चा मूळ आराखडा कसा शोधावा?

मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८२९ मध्ये बांधलेल्या ‘ह्यू लिंडसे’ या सशस्त्र आगबोटीची १:१०० प्रमाणातली लाकडी प्रतिकृती करतोय. ४११ टन, ८० अश्वशक्तीची दोन इंजिनं, बाजूला चाकं, एवढं पक्कं आहे.

अडलंय ते कोळशापाशी. कोठारात जेमतेम साडेपाच दिवसांचा कोळसा मावायचा, पण २० मार्च १८३० ला सुएझकडे निघताना कप्तान विल्सन यांनी केबिनींतही भरून ११ दिवसांचा नेला. एडनला पोचली तेव्हा सहा तासांपुरता उरला होता! ही भरलेली बोटच मला दाखवायचीय, त्यामुळे अंदाजाने केबिनी आखायच्या नाहीत.

छापील इतिहास वाचून झाले, चित्रंही पाहिली. त्यांत फक्त बाहेरचं रूप दिसतं. नंतरच्या आगबोटींचे आराखडे नकोत, रचना वेगळी असते.

मुंबईतल्या राज्य पुराभिलेखागारात जाऊ शकतो, लंडनला नाही. १८३० मध्येच ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमाराचं, ‘बॉम्बे मरीन’चं, नाव बदलून ‘इंडियन नेव्ही’ झालं, म्हणून घोळ होतोय: १८२८ ते १८३० च्या बांधणीचे कागद तिथे कोणत्या खात्याच्या बाडांत मागावेत? आणि ब्रिटिश लायब्ररीतून आराखड्याची प्रत घरबसल्या कुणी मागवली आहे का?